वारा काढणारा वागिमान

बायकोला, सुमिराला, धाप लागली, तेव्हा जावातल्या सोलो शहरच्या वागिमानने तेल चोळून नाण्याने तिची पाठ लालभडक खरवडली. बाटिकच्या कामाला दिवसभर बसून तिचा पाय सुजलेला. पण "अंगात वारा शिरलाय," हा त्याचा निकाल. ती कोसळलीच.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी वळ पाहून विचारलं, "मारलंत हिला?"

"वारा काढला."

"वारा कसला? पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात अडकलीय. जांघेच्या शिरेतून बारीक नळी तिथवर नेऊन गुठळी विरघळवायचं औषध सोडते."

वागिमानला उमगलं, आपण पाठ खरवडत होतो आणि मरण तिच्या छातीत बसलं होतं!

सकाळी सुमिराचा श्वास सरळ झाला. "मास," नवऱ्याला जावाच्या रीतीने हाक मारत ती म्हणाली, "'चुकलं' कधी म्हणताय?"

त्याने तिचं पांघरूण सारखं केलं. ते म्हणणं अजून बाकीच आहे.