वाणाची पिशवी
कोऱ्या मांजरपाटाचा वास आला की आजही माझं डोकं सणकतं. नव्वदच्या दशकात सानपाड्याच्या आमच्या नव्या सोसायटीत आईने संक्रांतीच्या वाणासाठी कापडी पिशव्या शिवल्या. शेजारच्या काकू हसल्या, "अहो वहिनी, भाजीवाला प्लास्टिकची फुकट देतो, ही कोण वागवणार?" दुसऱ्या दिवशी त्यांचे मिस्टर त्याच पिशवीने स्कूटर पुसत होते. हळदीकुंकवाचं वाण, आणि ग्रीस पुसायला! आईने ती मागून घेतली, धुतली आणि बाजाराला नेऊ लागली. यंदा त्याच काकूंनी मला वाण म्हणून कापडी पिशवी दिली, वर प्लास्टिक किती वाईट तेही समजावलं. आईची ती पिशवी तेव्हा माझ्या खांद्यावरच होती, ग्रीसच्या डागासकट.