मेव्हण्याचे बॉम्ब

मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत हिंडून या, माझ्या मेव्हण्याएवढा बॉम्बचा साठा असलेला माणूस तुम्हाला सापडायचा नाही. आणि एवढा साठा बाळगून ज्यानं जन्मात ढेकूणसुद्धा मारला नाही, असा तर हा एकच. त्याच्या खोलीत ढेकूण होते म्हणून सांगतो. गादी उन्हात टाकायचा, झटकायचा, आणि जे पडतील त्यांना "जा रे बाबांनो" म्हणून वाट करून द्यायचा. बॉम्ब मात्र त्यानं ढिगानं केले. करंगळीच्या पेराएवढे, खेळण्यातल्यासारख्या छोट्या लढाऊ विमानांच्या पंखाखाली लटकवायचे. विमानंही तोच करायचा. कुणी बोटीवरचा ओळखीचा प्लास्टिकचे सुटे भाग घेऊन आला तर त्यांतून, नाहीतर गावाहून आणलेल्या पांगाऱ्याच्या लाकडातून कोरून. पण विमान हे त्याच्या लेखी नुसतं निमित्त. लोक विमानाचे पंख बघतात, शेपटी बघतात. हा खाली वाकून पोट बघायचा. "विमान कुणीही रंगवतो, भावोजी," म्हणायचा, "माणसाची पारख बॉम्बवर होते."

मी चौथीत शाळा सोडलेला माणूस. उभा जन्म गिरणीत साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर काढला. विमानात मी बसलेलो नाही आणि आता बसणारही नाही. तरी आज तुम्ही मला बॉम्बचा रंग सांगा, मी त्याच्या पोटात काय आहे ते सांगतो. गडद हिरवा आणि नाकाशी पिवळा पट्टा म्हणजे भरलेला, खरा. सगळा निळा म्हणजे सरावाचा, वैमानिकाचा नेम बसावा म्हणून टाकायचा, त्यानं कुणाचं घर पडत नाही. रॉकेटवर तपकिरी पट्टा म्हणजे मागून ढकलणारी दारू. हे शिकायला मी कुठे गेलो नव्हतो. आमच्या नाहूरच्या दोन खोल्यांत हा दर रविवारी येऊन गॅलरीत बसायचा, कारण त्याची अंधेरीची घरमालकीण टर्पेंटाइनचा वास सहन करायची नाही. माझ्या बायकोचा एकुलता एक धाकटा भाऊ, त्यात बिनलग्नाचा. ती म्हणाली, इथे येऊन रंगव. झालं, माझं कोण ऐकतो? आता ती नाही. ती गेली तेव्हा लोक विचारायचे, जेवणाचं कसं करणार, एकटे कसे राहणार. मला त्याची काही धास्ती नव्हती. धास्ती एकच होती आणि ती मी कुणाला बोललो नाही: आता हा रविवारचा यायचा बंद होणार. आम्हा दोघांना बांधणारी तीच होती, दुसरं काही नव्हतंच. पण ते मागाहून. आधी माणूस काय आहे ते कळू द्या.

एका औषधाच्या कंपनीत तो कारकून. पगार झाला की रद्दीवाल्याकडे जाऊन जुनी इंग्रजी मासिकं उलथीपालथी करायचा, आणि एखाद्या धुरकट फोटोत पंखाखाली काही लोंबताना दिसलं की भिंग लावून बसायचा. मी एकदा डोकावलो. फोटो काळापांढरा. म्हटलं, "अरे, यात पिवळा कुठे दिसला तुला?" तर माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच आंधळा. "भावोजी, हा करडा बघा आणि हा करडा बघा. हा करडा पिवळ्याचा आहे." मी दोन्ही करडे बघितले. मला दोन्ही करडेच दिसले. पुढे आमच्या चाळीत रंगीत टीव्ही आला, खाली कोपऱ्यातल्या बिऱ्हाडात. सव्वीस जानेवारीला सगळी चाळ तिथे जमली. संचलनात विमानं दिसायला लागली तसा हा उठला आणि टीव्हीचं रंगाचं बटण फिरवायला लागला. हिरवा नीट येत नव्हता म्हणे. हिरवा आणता आणता निवेदिकेचं तोंड जांभळं झालं, पाहुण्यांचे कोट गुलाबी झाले, आणि त्या बिऱ्हाडातली बाई म्हणाली, "ओ, काय करताय काय?" हा आपला शांत. "आता बरोबर आहे. बाकीच्यांकडे बघू नका, बॉम्बकडे बघा."

थापा मारणं त्याला जमतच नव्हतं, निदान बॉम्बच्या बाबतीत. त्या दिवसांत शहरात घबराट होती, बशीत पाट्या लागल्या होत्या, बेवारस वस्तूला हात लावू नका, सीटखाली बघा. अशा दिवसांत हा अंधेरीहून मिठाईचा खोका मांडीवर धरून बशीत बसला. शेजारच्या बाईनं सहज विचारलं, "पेढे का हो?" हा म्हणाला, "नाही, बॉम्ब." भांडुपच्या अलीकडे बस रिकामी झाली. कंडक्टरनं त्याला धरून चौकीत नेलं. हवालदार सावधपणे लांबूनच म्हणाला, "किती आहेत?"

"सहा. पण साहेब, त्यातले चार निळे आहेत. ते फुटत नाहीत."

"आणि दोन?"

"ते भरलेले."

आमच्या खालच्या वाण्याच्या फोनवर निरोप आला तेव्हा बायको भाकऱ्या थापत होती. पिठाच्या हातानं निघाली, मी मागे. चौकीत जाऊन तिनं खोका उघडला, त्यातला एक बॉम्ब तळहातावर घेतला आणि हवालदाराच्या नाकासमोर धरला. "भाऊ आहे माझा. तो असाच आहे." हवालदारानं बॉम्ब बघितला, मग ह्याला बघितलं. म्हणाला, "अहो, मग खेळणी म्हणायचं ना. एवढा व्याप कशाला?" तर हा दुखावला. "खेळण्यावर पट्टा कुठे असतो, साहेब?" हवालदार माझ्याकडे वळून म्हणाला, "घेऊन जा ह्याला, माझं डोकं उठलंय." माझंही उठलं होतं. ती मात्र सगळ्या वाटेनं तोंडाला पदर लावून हसत होती.

त्याचं लग्न व्हावं म्हणून तिनं जिवाचं रान केलं. बोरिवलीचं एक स्थळ चांगलं आलं होतं. मुलगी शिक्षिका, घर सुशिक्षित, मुलीचा काका हवाई दलात. तिथेच घात झाला. काकानं भेट दिलेलं एक विमान दिवाणखान्यात छताला दोऱ्यानं टांगलेलं होतं. आम्ही आत गेलो, बसलो, आणि ह्याची मान जी वर गेली ती वरच. मुलगी पोहे घेऊन आली. ह्यानं बशी घेतली, तीसुद्धा वर बघतच. मुलीचे वडील म्हणाले, "तुम्हाला काही विचारायचं असेल तर विचारा, संकोच करू नका."

हा म्हणाला, "हे विमान उडतंय की उभं आहे?"

वडील गोंधळले. "टांगलंय म्हणजे उडतंयच म्हणायचं."

"मग क्षेपणास्त्राच्या नाकावर लाल झाकण कसं? ते जमिनीवर असताना घालतात. उडायच्या आधी काढतात. हे असं उडालं तर क्षेपणास्त्राला काही दिसायचंच नाही."

बायकोनं मला चिमटा काढला, जसा काही मीच बोललो होतो. तोवर हा स्टुलावर चढलाही. खिशातून ब्लेड काढलं आणि लाल रंग खरवडायला लागला. वडील आ करून बघत राहिले. परत येताना ती रस्त्यात थांबली. "मेल्या, मुलगी कशी वाटली ती तरी सांग."

"कुठली?"

"स्टूल कुणी धरलं होतं तुझं?"

"हां, ती. चांगलं धरलं होतं. अजिबात हललं नाही."

मुलीला पसंत होता म्हणे, बापाला नाही. बायकोनं ते पुष्कळ दिवस मनाला लावून घेतलं. हा मात्र आठवण निघाली की म्हणायचा, एक झाकण राहूनच गेलं, डाव्या बाजूचं.

आता मुख्य गोष्ट. त्याच्या बॉम्बवरचा तो पिवळा पट्टा केसाएवढा बारीक आणि गोल गोल सरळ असायचा. बघणारे म्हणायचे, काय हात आहे. हात त्याचा नव्हताच, माझ्या बायकोचा होता. त्याची रीत अशी, की बॉम्ब सुईच्या टोकावर टोचायचा आणि सुई दोन बोटांत हळूहळू फिरवायची. ब्रश फिरवायचा नाही. तो एका जागी नुसता टेकवून धरायचा, श्वाससुद्धा रोखून, म्हणजे पट्टा आपोआप उमटतो. सुई हा फिरवायचा, ब्रश ती धरायची. तिला त्या बॉम्बचं काही पडलेलं नव्हतं. रविवारी मासे तळून झाले की हात धुऊन यायची, पाटावर बसायची आणि म्हणायची, "मेल्या, आदी जेव. बॉम्ब काय पळान जातत?" हा म्हणायचा, "एकच गं ताई." त्या एकाचे आठ व्हायचे आणि ताटातला भात गार. पण ब्रश टेकवला की तिचा हात दगडासारखा. मी पेपर तोंडासमोर धरून बघत बसायचो. पट्टा पुरा झाला की दोघं एकदम श्वास सोडायची, आणि मग ती चिडायची, जेवण कधी करणार म्हणून.

तिचं तेरावं झालं, त्यानंतरच्या रविवारी तो आला. गॅलरीत बसला, खोका उघडलाच नाही. चहा प्याला आणि दुपारच्या आत गेला. पुढच्या रविवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी गॅलरीतून रस्ता बघत बसलो, आणि मग स्वतःचाच राग आला. चपला घातल्या आणि अंधेरीला गेलो.

खोलीत टेबलावर बॉम्ब वाळत ठेवलेले, रांगेनं. सगळे निळे.

म्हटलं, "हे काय रे?"

"सरावाचे आहेत."

"सगळे?"

"सगळे." तो भिंग पुसत बसला. मग म्हणाला, "निळ्याला पट्टा लागत नाही, भावोजी."

मी त्याच्या खाटेवर बसलो. खिडकीत ती ढेकणांची गादी वाळत घातलेली होती. मला गोड बोलायला कधी आलं नाही, तिच्याशीही नाही, तेव्हा त्या दिवशी एकदम कुठून येणार? म्हटलं, "ती गेली म्हणून सगळं हवाई दल सरावाला बसवणार काय? रविवारी ये. ब्रश मी धरतो."

"तुमचा हात हलतो."

"जन्मभर साच्यावर उभा होतो. हलणारच."

"वाकडा आला तर मला चालणार नाही."

"नाही चालला तर खरवड. मी काय रडत बसणार नाही."

तो आला. तिच्याच पाटावर मी बसलो, त्यानं सुई धरली, मी ब्रश टेकवला, आणि पट्टा असा उमटला की बॉम्बला जानवं घातलंय. त्यानं बघितलं. दुसरा कुणी म्हणाला असता, असू द्या, म्हातारा माणूस, पहिलाच प्रयत्न. हा म्हणाला, "फारच वाकडा," आणि ब्लेड काढलं. खरं सांगतो, त्या दिवसांत लोक माझ्याशी इतकं जपून बोलत होते की ते ऐकून मला बरं वाटलं. पुढच्या रविवारी पुन्हा वाकडा. त्याच्या पुढच्या रविवारी रंगाचा थेंब पडला आणि बॉम्ब पुरता पिवळा झाला. "हे काय आहे," तो म्हणाला, "हळकुंड?" असं आमचं चाललं. एक बॉम्ब धड होत नव्हता, आणि तो होत नव्हता तोवर रविवार माझे होते. मी हिशेबी माणूस, मला ते कळत होतं.

गेल्या रविवारी पट्टा सरळ आला. ब्रश उचलायच्या आधीच मला कळलं. हात कसा कोण जाणे, राहिला जागच्या जागी. त्यानं भिंग लावलं आणि पुष्कळ वेळ बघत राहिला. सुई एकदा फिरवली, दोनदा फिरवली. मनात म्हटलं, झालं, जमलं. आता याला इथं यायचं काय कारण राहिलं?

शेवटी तो म्हणाला, "शेड चुकलीय, भावोजी. जरा लिंबाकडे गेलीय."

डबी तीच होती. तिच्या हातचे सगळे पट्टे त्याच डबीतले, आणि झाकण त्यानंच उघडून माझ्यापुढे ठेवलं होतं. मी डबीकडे बघितलं. त्यानं बघितलं नाही.

"मग खरवड," मी म्हटलं.

"खरवडतो. पुढच्या रविवारी जरा लवकर येतो."

"ये. बांगडे आणून ठेवतो."

बांगडे आता मीच करतो. कधी तिरफळ जास्त होतं, कधी मीठ राहून जातं. तिच्या हातची चव तर सोडाच, तिच्या स्वयंपाकाचा वाससुद्धा माझ्या आमटीला येत नाही. हा समोर बसून जेवतो, काटे बाजूला काढून ठेवतो, पुन्हा भात मागतो. आमटीबद्दल त्यानं अजून चकार शब्द काढलेला नाही.