वादीच्या अलीकडे

मी देवावर रागावून चालायला लागले. भक्तीने नाही, नवस फेडायला नाही, वजन उतरवायलाही नाही. हे लिहिताना थोडं ओशाळल्यासारखं होतं, कारण असे अनुभव सांगणाऱ्यांची सुरुवात बहुधा श्रद्धेने होते. माझी रागाने झाली, आणि तेवढं लपवलं तर पुढचं सांगण्यात काही अर्थ उरत नाही.

दोन हजार सोळा सालची गोष्ट. ओमानमधल्या रुस्ताक गावी एका खासगी दवाखान्यात मी लॅब टेक्निशियन होते. नवरा चिपळूणला, मुलगी पुण्यात शिकायला, आणि मी इथे डोंगराच्या पायथ्याशी लोकांची रक्तं तपासत बसलेली. माझी थोरली बहीण, आमची ताई, गुहागरजवळच्या आमच्या गावात अंगणवाडी चालवायची. नर्मदेची परिक्रमा पायी करायची, एवढं एकच वेड तिला होतं. नदी उजव्या हाताला ठेवून एका काठाने समुद्रापर्यंत जायचं आणि दुसऱ्या काठाने परत यायचं. वाटेत कोणी देईल ते खायचं, कोणी सांगेल तिथे निजायचं. मी नोकरी सोडली की दोघींनी निघायचं असं ठरलं होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर तिचे निरोप यायचे, आवाजातले. "चालायला लागलीस काय गो? खुर्चीत बसून पाय विसरतील हो तुझे." मी हसून सोडून द्यायचे. घाई काय होती?

सोळाच्या आदल्या वर्षी, भाद्रपदातल्या एका सकाळी ताईच्या छातीत कळ आली. शेजाऱ्यांनी रिक्षात घालून जवळच्या दवाखान्यात नेलं, तर डॉक्टर जागेवर नव्हते. पुढच्या ठिकाणी ऑक्सिजनची टाकी होती, ती लावणारं कोणी नव्हतं. रुग्णवाहिका मागवली, ती भलतीकडेच गेलेली. तिसऱ्या दवाखान्याच्या पायरीवर ताई गेली. एवढ्या सगळ्या माणसांत एकजण, फक्त एकजण जिथे असायला हवा तिथे असता, तर ती वाचली असती. इकडे माझा पासपोर्ट दवाखान्याच्या मालकाच्या कपाटात, किल्ली त्याच्या खिशात, आणि तो मस्कतला. मॅनेजर म्हणत राहिला, "इन्शाल्ला, कल मिलेगा." मी गावी पोचले तेव्हा अस्थी सावडूनही झाल्या होत्या.

लोक समजूत घालायला आले. तिचं आयुष्य तेवढंच होतं, म्हणाले. नर्मदामैयाने आपल्या लेकीला बोलावून घेतलं, म्हणाले. हे ऐकून माझ्या अंगाची लाही व्हायची. बोलावून घ्यायचं होतं तर काठावर बोलवायचं होतं. सिमेंटच्या पायरीवर कशाला? जिचं नाव ताईने जन्मभर घेतलं ती त्या सकाळी कुठे होती? मी मनाशी ठरवलं की परिक्रमा करणार, एकटीने करणार, आणि नर्मदेला तोंडावर हे विचारणार. नमस्कार करायला नाही, जाब विचारायला. पण त्यासाठी पाय तयार हवेत. म्हणून रुस्ताकला परत आल्यावर मी दवाखान्याच्या व्हॅनमध्ये बसणं सोडलं आणि कामावर चालत जाऊ लागले.

माझ्या खोलीपासून दवाखाना तासाभराच्या चालीवर होता. आमच्या दोन पाळ्या असायच्या, सकाळची आणि संध्याकाळची, मध्ये दुपारची लांब सुट्टी. म्हणजे रोजच्या चार खेपा. डोक्याला ओढणी, पाठीला सॅक, सॅकमध्ये पाण्याच्या भरलेल्या बाटल्या; पुढे ओझं वाहायचं होतं ना. आधी खजुराच्या बागांच्या मातीच्या भिंतींमधून जाणारी गल्ली, मग वादीचं पात्र, मग मोठा रस्ता. वादी म्हणजे तिकडची कोरडी नदी. वर्षभर नुसते दगडगोटे, आणि डोंगरात पाऊस पडला की तेवढ्यापुरतं पाणी. आपल्याकडे वादी म्हणजे तक्रार घेऊन कोर्टात उभा राहिलेला माणूस. ते दगड तुडवताना मला ही जोडी आठवायची आणि बरं वाटायचं.

चालण्यापेक्षा जास्त त्रास झाला तो गाड्यांचा. ओमानमध्ये रस्त्याने चालणारी बाई म्हणजे अडचणीतली बाई. दर थोड्या वेळाने गाडी थांबायची, काच खाली व्हायची, आत बायका-मुलं, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल दया. मी हात जोडून नको म्हणायचे. पुढे पुढे हात जोडायचाही कंटाळा आला. शेवटी मॅनेजरने बोलावून घेतलं. "मॅडम, पब्लिक पूछता है, ये क्लिनिक स्टाफ को गाड़ी नहीं देता क्या? अर्बाब का नाम खराब होता है." अर्बाब म्हणजे मालक. मी म्हटलं, "पासपोर्ट टाइम पे दिया होता तो नाम अच्छा रहता." तो समोरच्या फायली नीट लावू लागला. त्या दिवशी परत येताना माझी पावलं नेहमीपेक्षा जास्त भरभर पडली.

सगळ्यांत चिवट होते हमूदबाबा. सत्तरीचे असतील. पांढरी पिकअप, मागे बकऱ्यांसाठी लसूणघासाचे भारे. तरुणपणी काही वर्षं मुंबईच्या गोदीत काढलेली, त्यामुळे मोडकंतोडकं हिंदी यायचं. वादीच्या अलीकडच्या वळणावर रोज गाडी थांबवायचे. "सिस्टर, बैठो." "नहीं बाबा, शुक्रन." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, जणू आदल्या दिवशी मी काही बोललेच नव्हते. नाही म्हटल्यावर ते निघून तरी जावेत? तेही नाही. मी पात्र ओलांडून पलीकडे चढेपर्यंत गाडी तशीच उभी ठेवायचे. पाठीवर कोणाची तरी नजर आहे, हे मला अजिबात सोसायचं नाही. एकदा वळून ओरडले, "क्या देखता है?" त्यांनी नुसता हात वर केला, सलाम करतात तसा.

एप्रिल लागला होता. एका दुपारी मी संध्याकाळच्या पाळीला निघाले. डोक्यावर कडक ऊन, आभाळ स्वच्छ, फक्त डोंगरांच्या माथ्यावर एक काळी रेघ. वळणावर आले तर हमूदबाबांची गाडी वादीत उतरणाऱ्या वाटेवर आडवी लावलेली. ते बाहेर उभे, हातात ती तिकडच्या म्हाताऱ्यांची बारीक काठी.

"सिस्टर, आज नहीं. ऊपर बारिश है. वादी आएगा."

मी वर पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. म्हटलं, "बाबा, धूप है. मेरे को ड्यूटी है."

"आज नहीं."

मी गाडीला वळसा घालून जाऊ लागले. ते पुढे आले आणि त्यांनी काठी आडवी धरली. मला स्पर्श केला नाही, आवाजही चढवला नाही. माझा मात्र ताबा सुटला. इतक्या महिन्यांचं साचलेलं सगळं त्या म्हाताऱ्या माणसावर ओतलं. "तुम मेरा बाप है क्या? किसने बोला मेरे को रोकने को? पुलिस को फोन करेगी मैं." आणि पुढे मराठीत काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. पासपोर्ट दाबून ठेवणारे, औषधाला न सापडणारे, आणि आता हा वाट अडवणारा, सगळे मला एकाच माळेचे मणी दिसत होते. त्यांना मराठी कळत नव्हतं, राग कळत होता. ते शांतपणे म्हणाले, "बाप नहीं. मगर आज नहीं जाएगा."

मी फोन काढला. पोलिसांना नाही, मॅनेजरला लावला. उशीर होईल आणि तो कोणामुळे होतोय, हे सांगायला. रिंग जात होती तेवढ्यात आवाज आला. डंपरमधून खडी ओतावी तसा, पण न थांबणारा. मग पात्राच्या वरच्या वळणावरून पाणी आलं. पाणी कसलं, तांबड्या चिखलाची चालती भिंत. पुढे फेस, फेसात झावळ्या, टायर, मुळांसकट उपटलेलं बाभळीसारखं एक झाड. पात्राच्या मधोमध एक मोठा सपाट धोंडा होता. मी रोज त्याच्यावर पाय ठेवून पलीकडे जायचे. तो बघता बघता दिसेनासा झाला. आणि आमच्या अंगावर तसंच लख्ख ऊन.

परिक्रमेत नदी ओलांडायची नाही हा सर्वांत कडक नियम, ताईने मला दहादा सांगितलेला. तो मला त्या वेळी आठवला नाही, नंतर कधीतरी आठवला. त्यामुळे त्याचा मी चमत्कार करत नाही. जे झालं ते एवढंच की मी तिथेच धुळीत बसले. फोनमधून मॅनेजर "हॅलो, हॅलो" करत होता. हमूदबाबांनी गाडीतून पाण्याची बाटली आणून माझ्याजवळ ठेवली आणि लांब जाऊन उभे राहिले.

त्यांचं घर बागांमधल्या त्याच गल्लीत होतं. त्यांनी मला बायकोच्या हवाली केलं आणि लगेच परत वळणावर गेले. ती बाई, उम्म सईद, माझ्याहून बरीच मोठी. गालिच्यावर बसवून तिने खजूर पुढे ठेवले, वेलचीचा कहवा, तिकडची बिनदुधाची कॉफी, छोट्या वाटीत ओतला. मी वाटी हातात घेतली आणि रडू लागले. ताई गेल्यापासून रडले नव्हते. रागाने रडू अडवून धरलं होतं. ती बाई घाबरली नाही. माझा हात आपल्या मांडीवर घेऊन तिने अरबीत विचारलं, कोण गेलं तुझं? पेशंटशी बोलण्यापुरतं अरबी मला येत होतं. मी म्हटलं, "उख्ती." माझी बहीण.

मग तिने सांगितलं, थोडं शब्दांनी, थोडं हातांनी. हमूदचा धाकटा भाऊ, सालिम. पुष्कळ वर्षं झाली. अशाच एका दुपारी गाडी घेऊन त्याच जागी वादीत उतरला. दोन्ही काठांवर माणसं होती. प्रत्येकाला वाटलं, दुसरा कोणीतरी त्याला थांबवेल. कोणीच थांबवलं नाही. तेव्हापासून डोंगरावर ढग दिसला की हमूद तिथे जाऊन गाडी आडवी लावतो. लोक शिव्या देतात, कोणी हॉर्न वाजवत राहतं. "देऊ देत," ती म्हणाली. "शिव्या देणारा घरी पोचतो ना."

मला वाटलं होतं, हे ऐकून मन शांत होईल. झालं उलटंच. संध्याकाळी खोलीवर आले आणि ताईच्या फोटोसमोर उभी राहून मी अक्षरशः भांडले. माझ्यासाठी एक म्हातारा उन्हात उभा करता आला, मग तिच्यासाठी एक डॉक्टर का नाही? माझं असं काय मोठं अडलं होतं? वाचलेल्या माणसाला असा संताप येतो हे मला ठाऊक नव्हतं. तो कितीतरी दिवस टिकला. आजही कधी कधी येतो, आणि तो आला म्हणून मी आता स्वतःला पापी समजत नाही.

पण त्या दिवसांत चालता चालता एक गोष्ट हळूहळू माझ्या लक्षात आली. हमूदबाबांनाही हाच प्रश्न पडला असणार. त्यांच्या भावासाठी कोणी आलं नाही. त्यांनी वर बघून उत्तराची वाट पाहिली की नाही मला माहीत नाही, मी कधी विचारलं नाही. ते फक्त त्या जागी जाऊन उभे राहिले, जिथे कोणीतरी असायला हवं होतं. माझ्यापर्यंत जी कृपा पोचली ती आभाळातून पडली नव्हती. ज्याच्या वाट्याला ती आली नाही, त्याच्या हातून ती आली होती. देवाची रीत अशीच असेल तर ती मला अजूनही पुरती पटत नाही. तरी तिच्यापुढे माझी मान खाली जाते. शरण जाणं म्हणजे पटणं, असं मी समजत होते. तसं नसावं.

त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर मी नोकरी सोडली. निघण्यापूर्वी हमूदबाबांना आणि उम्म सईदना भेटून आले. पायी फार लांब जाणार आहे म्हटल्यावर बाबांनी मान हलवली. "गाड़ी नहीं?" त्यांनी विचारलं. "नहीं बाबा." ते हसले, आणि बायकोने माझ्या सॅकमध्ये खजुराचा डबा कोंबला.

कार्तिकात ओंकारेश्वरच्या घाटावर उतरले. नर्मदा पहिल्यांदाच बघत होते. हिरवं, संथ पाणी. इतक्या महिन्यांपासून तोंडात तयार ठेवलेला प्रश्न होता. तो विचारावासा वाटला नाही. विसरले नव्हते, फक्त घाई राहिली नव्हती. संकल्प सोडायला बसले तेव्हा मराठी यात्रेकरूंची सवय असलेले वयस्क पुजारी म्हणाले, कोणाच्या नावे पाणी सोडायचं असेल तर आत्ता सांगा. मी ताईचं नाव सांगितलं, गोत्र सांगितलं. मग म्हटलं, "आणखी एक नाव आहे. सालिम."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आपले कोण?"

मी म्हटलं, "पाण्यात गेले. त्यांच्या भावाने मला वाचवलं. त्यांच्या धर्मात हे चालतं की नाही मला माहीत नाही. चालत नसेल तर नुसतं नाव घ्या."

त्यांनी माझी ओंजळ पुढे ओढून तिच्यात पाणी घातलं. "ज्यांचं गोत्र ठाऊक नसतं, त्यांचं काश्यप म्हणतात," ते म्हणाले, आणि ताईच्या नावाला लागूनच त्यांनी सालिमचं नाव घेतलं.