इंदूअक्काची यावल गाडी

जळगावच्या स्टँडवर पुण्याची एस.टी. लागली तेव्हा नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझी ट्रंक स्वतः टपावर चढवली. ती एवढी जड का, हे त्यांना कळेना. आईला माहीत होतं. कपड्यांखाली माझी सगळी कॉमिक्स तिनेच रचून दिली होती. गाडी हलायच्या आधी नाना खिडकीशी आले. म्हणाले, "चित्रं काढून पोट भरते का, मले माहीत नही. पण तुले दुसरं काही येत बी नही. जाय. पत्र टाकजो." ते वर्ष शहाऐंशी. कमर्शियल आर्टला जाणारी, जळगावजवळच्या आमच्या असोदा गावातली मी पहिलीच मुलगी.

असोद्यात राहिलेल्यांनो, तुम्हाला आठवत असेल, मला गावात कॉमिक्सवाली म्हणत. जळगावात स्टेशनजवळ भाड्याने कॉमिक्स देणारं एक दुकान होतं. कॉलेजातून येताना मी तिथे थांबायचे. जासूस, नागकन्या, परग्रहावरून आलेले राक्षस, बहुतेक सगळं हिंदीत. घरी आल्यावर केळीच्या बागेत बसून वाचायचं. भर दुपारी बागेतला उजेड हिरवा होतो आणि वारा नसताना एखादंच पान फडफडतं. भुताच्या गोष्टीला अशी जागा दुसरी नाही.

पुण्यात वर्गातल्या मुलांनी गुळगुळीत कागदावरची परदेशी कॉमिक्स वाचलेली होती. माझी कॉमिक्स पाहून ती हसली. मी "मले" म्हणाले तेव्हा त्याहून जास्त हसली. त्यानंतर चार-पाच महिने मी मेसमध्येसुद्धा वाक्य मनात तपासून मग बोलायचे. घरी लिहिलेल्या पत्रांत मात्र सगळं उत्तम चाललं होतं.

दर रविवारी मी जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून हिंडायचे. तिथेच कॉमिक्सवेड्यांच्या एका टोळक्याची ओळख झाली. एका छापखान्याच्या माडीवर सहा मुलगे जमायचे. सातवी मी. पहिल्याच दिवशी रहस्यकथेत गुन्हेगार वाचकाला आधी दाखवावा की नाही, यावर वाद पेटला. मी तावातावाने म्हणाले, "काहून दाखवायचा? मंग वाचणारा पान कशाले उलटीन?" खोलीत कोणी हसलं नाही. सगळे उत्तर शोधत होते. त्या दिवसापासून माझी बोली मी पुन्हा तोंडात येऊ दिली.

शेवटच्या वर्षाला मी इंदूअक्का काढली. जळगावहून यावलला जाणाऱ्या एस.टी.वरची कंडक्टर. आमच्या मार्गावर तेव्हा बाई कंडक्टर कोणी पाहिली नव्हती, म्हणून तर ती मला हवी होती. सातपुड्यातून लाकूड चोरणारी टोळी केळीच्या ट्रकांतून माल हलवते, आणि इंदूअक्का एका तिकिटाला पडलेल्या भोकावरून त्यांचा माग काढते. रॉकेट नाही, जादूची अंगठी नाही. खांद्याला चामड्याची पिशवी आणि तोंडात आमची बोली.

मुलांच्या एका मासिकाच्या संपादकांना चित्रं आवडली. पण ते म्हणाले, "भाषा तेवढी शुद्ध करून द्या. ही कोणाला कळणार?"

मला कामाची गरज होती. कोर्स संपत आला होता, आणि काम मिळालं नाही तर परत जावं लागणार होतं. तरी मी म्हणाले, "सर, राक्षसांची हिंदी मला कुठे कळत होती? चित्रावरून कळली. इंदूअक्का शुद्ध बोलली तर ती यावल गाडीवर एक दिवस टिकणार नाही."

त्यांनी बराच वेळ पानं चाळली. शेवटी म्हणाले, "एक अंक छापतो. वाचकांनी तक्रार केली तर बंद."

तक्रार आली नाही, पत्रं आली. धुळ्याची, पारोळ्याची, आणि सगळ्यात जास्त कामासाठी सुरतेला, कल्याणला गेलेल्या आपल्या माणसांची. पारोळ्याच्या एका मुलीने लिहिलं होतं, पुस्तकातलं माणूस आमच्यासारखं बोलतं हे मी पहिल्यांदा पाहिलं. संपादकांनी ते पत्र मला स्वतः वाचून दाखवलं आणि पुढच्या अंकापासून इंदूअक्काला दुप्पट पानं दिली. मी पुण्यात राहिले. हक्काने राहिले.

काही वर्षांनी या गोष्टींचं पुस्तक निघायचं ठरलं तेव्हा मूळ चित्रं घेऊन मी गावी गेले. ओट्यावर शेजारपाजार जमला. नाना मोठ्याने वाचत होते, आणि टोळीच्या म्होरक्याला घोगरा आवाज देत होते. आईला वाचता येत नाही. ती एकेक चित्र हातात घेऊन पाहत होती. एका चित्रावर थांबून म्हणाली, "काव पोरी, कापायले आलेल्या घडाले केळफूल राहते का? ते तं कवाचं मोडतात. एवढ्यात इसरली?"

पुण्यात या चित्राला बक्षीस मिळालं होतं. परीक्षकांपैकी कोणाच्याच हे लक्षात आलं नव्हतं. क्षणभर मला लागलं, मग मनापासून हसू आलं. मी तिथेच ओट्यावर पांढरा रंग काढला आणि केळफूल पुसलं. आई वाकून पाहत राहिली. म्हणाली, "आता झाला खरा."

पुस्तकात तो घड केळफुलाशिवायच छापलाय. माझा पत्ता आता पुण्याचा आहे, आणि तो मला आवडतो. पण नवं चित्र पुरं झालं की त्याची एक नक्कल आधी असोद्याला जाते, आणि आई "खरं आहे" म्हणेपर्यंत मी ते छापायला देत नाही.