अण्णांनी पाहिलेली गाडी

अण्णा सायलेन्सरच्या नळीत बोट घालून आतली काजळी काढायचे आणि ती जिभेला लावायचे. मग थुंकून सांगायचे, "तेल जळतंय. पिस्टनच्या रिंगा गेल्या." त्याच बोटाने मिशी पुसायचे. मला शिसारी यायची. त्यांच्या पत्नीला, आमच्या अक्कांनाही यायची. त्यांनी अण्णांचा कॉफीचा लोटा वेगळा ठेवला होता. "म्हैस पाळली असती तर ती तरी स्वच्छ राहिली असती," असं त्या आमच्यादेखत म्हणत आणि अण्णा हसत हसत कॉफी संपवत.

तरीही साठच्या दशकात आमच्या बसवनगुडी भागात कुणी जुनी परदेशी गाडी घ्यायची ठरवली की पहिलं बोलावणं अण्णांना यायचं. वर्कशॉपमध्ये चाळीस वर्षं काढून ते निवृत्त झाले होते. आमची घरं लागून होती. मी विमा कचेरीत आकडे तपासायचो, म्हणून मला ते "ऑडिटर" म्हणत.

नंबरप्लेटकडे ते बघतही नसत. "पाटी काय, कुणीही लावतो. हाडावरचा नंबर बघ, ऑडिटर." बॉनेट उघडून, चेसिसवर ठोकलेल्या नंबरावर पातळ कागद धरून ते पेन्सिल घासत. आकडे कागदावर उमटत. कारखान्यात ठोकलेले आकडे एका ओळीत, सारख्या खोलीचे; गल्लीत बदललेले आकडे दारुड्यांसारखे एकमेकांवर कललेले. असे एकशे सोळा कागद त्यांच्या पत्र्याच्या डब्यात होते. मी मोजले होते. एकोणीस कागदांवर "खोटी" असं लिहिलेलं होतं. त्या एकोणिसांपैकी एकही गाडी पुढे खरी निघाली नाही.

त्यांची स्वतःची गाडी जपानी. घड्याळांच्या कारखान्यात कामासाठी आलेला एक जपानी इंजिनियर मायदेशी परतताना ती त्यांना विकून गेला होता. लाल, दोन माणसांची, उघड्या टपाची. इंजिन जेमतेम सहाशे सीसीचं, पण कार्ब्युरेटर चार, आणि मिनिटाला आठ हजारांवर फेरे. आमच्या रस्त्यावरच्या गाड्या चार हजारांतच धापा टाकत. आमच्या माहितीत गावात तशा तीनच होत्या. रविवारी मला शेजारी बसवून लालबाग उद्यानाभोवती चक्कर मारताना अण्णा ओरडायचे, "ऐक! बोलू नको, ऐक!" त्या वेळी हा घाणेरड्या बोटांचा माणूस मला फार आवडायचा.

एक दिवस तिच्या इंजिनातला क्रँक, पिस्टन फिरवतात तो दांडा, मोडला. जपानला पत्रं गेली, पण आयातीचा परवाना मिळेना. दोन वर्षं गाडी विटांवर उभी राहिली. अण्णा रोज सकाळी तिच्यावरचं कापड काढत, तिला पुसत आणि पुन्हा झाकून ठेवत. त्यांचं जेवण निम्म्यावर आलं. अक्का टोमणे मारायच्या थांबल्या, तेव्हा मी घाबरलो.

उरलेल्या दोन्ही गाड्या एका कॉफीच्या मळेवाल्याकडे होत्या. तो शर्यतीत उतरायचा. त्याची एक गाडी पुढून चेपली, दुसरी मागून. आणि काही महिन्यांनी तो एक अख्खी, चकचकीत गाडी घेऊन अण्णांच्या दारात उभा राहिला. आमच्या भागातल्या डॉक्टरांना ती हवी होती. दर रविवारी त्यांना म्हैसूरला जावं लागे, सोबत पत्नीही असे.

"स्वल्प बघा आणि सरी म्हणा, ठीक आहे म्हणा, अण्णा," मळेवाला म्हणाला. "डॉक्टर तुमच्या शब्दावर घेणार आहेत."

अण्णांनी कागद धरून पेन्सिल घासली. आकडे सरळ, अस्सल. मग त्यांनी सीट पुढे सरकवली, गालिचा उचलला आणि मला हाक मारली. तळाच्या पत्र्यावर या कडेपासून त्या कडेपर्यंत वेल्डिंगचा जोड होता. एकीचा पुढचा भाग आणि दुसरीचा मागचा. जोरात ब्रेक मारला तर कुठे तुटेल हे मलाही कळलं.

मळेवाला शांतपणे म्हणाला, "दोन गाड्यांची एक झाली, म्हणून एक इंजिन उरलंय. आतला क्रँक चांगला आहे. तुमच्या गाडीला बसेल."

अण्णांनी गालिचा खाली सोडला. हाताने नीट सारखाही केला.

संध्याकाळी डॉक्टर आले. "काय अण्णा, घेऊ?"

"नंबर अस्सल आहे," अण्णा म्हणाले. बाकी काही नाही. डॉक्टरांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला.

ते गेल्यावर मी विचारलं, "हे काय केलंत?"

"खोटं बोललो का? आकडा सांग, ऑडिटर, कुठला आकडा चुकीचा सांगितला?"

नळीतली काजळी त्यांनी माझ्या तोंडात घातली असती, तरी मला इतकी किळस आली नसती. उभा जन्म खरे आकडे शोधणाऱ्या माणसाने खऱ्या आकड्याआडच लपावं!

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांकडे जाऊन जोडाबद्दल सांगितलं. ते समजुतीने हसले. "अहो, तुम्ही विम्यातली माणसं. अण्णांनी पाहिलीय ती गाडी!" मी म्हटलं, गालिचा उचलून तरी बघा. त्यांनी पुढच्या रोग्याला आत बोलावलं.

मी परत येऊन अण्णांना हे सांगितलं. ते क्रँक रॉकेलमध्ये धूत होते. त्यांनी तो उलटवून दुसरी बाजू चोळली. मग म्हणाले, "डॉक्टर माझ्यावर गालिचाही न उचलण्याइतका विश्वास ठेवतात, हे मला आधी ठाऊक असतं तर..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. क्रँक मात्र धुऊन पुरा केला.

डॉक्टरांना काही झालं नाही. दीड वर्षाने त्यांनी ती गाडी विकली, पुढच्या माणसाला "अण्णांनी पाहिलेली" असं सांगूनच. काही झालं नाही ना, मग जाऊ द्या, असं आमच्या घरातही म्हणतात. मला ते पटत नाही. त्या दीड वर्षातल्या दर रविवारी, सोमवारी सकाळी डॉक्टरांच्या दवाखान्याचं दार उघडेपर्यंत माझं लक्ष त्या रस्त्याकडे लागलेलं असे.

अण्णांशी मी पुन्हा बोललो नाही. पुढे ते हुबळीला मुलीकडे राहायला गेले. निघण्याच्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्या फाटकासमोर गाडी थांबवली. शेजारची सीट रिकामी होती. अक्का आदल्या दिवशीच रेल्वेने गेल्या होत्या. त्यांनी हाक मारली नाही, नुसतं इंजिन चालू ठेवून ते थांबले. मी खिडकीच्या आत उभा होतो. मळेवाल्याच्या त्या क्रँकवर इंजिन फार सुरेख चाललं होतं. मी खिडकी लावून घेतली, आणि आवाज दूर जाईपर्यंत तिथेच ऐकत उभा राहिलो, याची मला आजही किळस येते.