चांदीचा खंडोबा

आमच्या देव्हाऱ्यात एक चांदीचा खंडोबा होता. फुलसावंगीला विहीर खणायच्या कामावर असताना तो आजोबांना मातीत सापडला. रुपयापेक्षा लहान, जुनं नाणं होतं ते. एका बाजूला डोक्यावर टोप घातलेला, सरळ नाकाचा पुरुष आणि दुसऱ्या बाजूला ढाल धरलेली बाई. कडेची अक्षरं कोणालाच वाचता येत नव्हती. टोपवाला तो खंडोबा आणि मागची म्हाळसा, असं आजोबांनी ठरवलं. दर रविवारी त्याला भंडारा लागू लागला.

छप्पन साली आम्ही बौद्ध झालो. वडिलांनी घरातले सगळे देव फडक्यात बांधले आणि पैनगंगेत सोडायला निघाले.

आई म्हणाली, "खंडोबा तं राहू द्या. चांदीचा हाय."

"म्हनूनच नेतो. ठेवला तं उद्या पुन्हा पाया पडशीन."

ते रिकामं फडकं घेऊन परत आले.

पुढे मी कॉलेजात गेलो. इतिहासाच्या पुस्तकात एका चित्रात तेच नाक, तोच टोप, तीच ढालवाली बाई दिसली. पंजाबात राज्य करणाऱ्या ग्रीक राजाचं ते नाणं होतं. या राजाने एका भिक्खूला खूप प्रश्न विचारले, उत्तरं पटली आणि तो बुद्धाला शरण गेला, असं खाली लिहिलं होतं.

सुटीत मी ते पान वडिलांपुढे धरलं आणि म्हणालो, घरात आपल्याआधीचा एकच बौद्ध होता, त्यालाच आपण बुडवलं.

वडिलांनी चित्र नीट पाहिलं.

"बुडवलं म्हनून त्याले राग नसन आला," ते म्हणाले. "इतके वर्स आपन त्याले भंडारा लावला, त्याचा आला असन."