बिराजदार सरांची मुद्दाम चूक

"जसजसं वर जावं, तसतशी हवा दाट होत जाते," असं कॅप्टन बिराजदारांनी फळ्याशी उभं राहून सांगितलं आणि लातूरच्या आमच्या क्लासमधल्या शेकडो पोरांनी ते मुकाट वहीत उतरवून घेतलं. पत्र्याचा हॉल, मांडीला मांडी लावून बसलेली बारावीची पोरं. फळ्याजवळचा माणूस सांगेल ते लिहायचं आणि पाठ करायचं, एवढंच आम्हाला येत होतं. त्या दिवशी क्लासच्या मालकांनी पाहुणे म्हणून एक पायलट आणला होता. मी मागून उभी राहिले आणि म्हणाले, "सर, विरळ होते." पोरं फिदीफिदी हसली. कॅप्टनांनी खिशातून लिमलेटची गोळी काढली, बाकांवरून हातोहात माझ्यापर्यंत पोचवली आणि म्हणाले, "बराबर. मी मुद्दाम चुकलो. एवढ्यांत एकीला दिसलं, अन् ती बोलली. मला विमानात असंच माणूस शेजारी लागतंय."

मी लोह्याची. अण्णा शाळामास्तर. मला डॉक्टर करायला त्यांनी लातूरला धाडलेलं. 'त्या एका गोळीनं माझी पोर बिघडवली,' असं माय पुढे कितीतरी वर्षं म्हणायची. मी डॉक्टरकीचा नाद सोडून विमान शिकायला गेले ते बिराजदार सरांच्या भरवशावर. ते स्वतः लोह्याला आले, अण्णांच्या शेजारी बाजेवर बसले आणि त्यांची समजूत काढून गेले. शिकून झाल्यावर मी ज्या कंपनीत लागले, तिथेच सर नव्या पायलटांना शिकवणारे कॅप्टन होते.

निलंग्याकडचा हा माणूस. उंच, खांद्यात जरासा वाकलेला, डोक्याला खोबरेल तेल. प्रवाशांना माइकवरून असं काही इंग्रजी ऐकवायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, हे विलायतेतच वाढले. माइक बंद केला की मला म्हणायचे, "लई झालं इंग्रजी. आता च्या सांग." विमान हलवण्याआधी त्याला हळूच "चला बाई" म्हणायचे. मला त्यांचं फार अप्रूप होतं.

मुद्दाम चुकायची सवय त्यांनी आकाशातही सोडली नव्हती. कंट्रोलवाल्यांनी एक उंची सांगावी, सरांनी भलतीच लावायला हात पुढे करावा आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून शेजारच्याकडे बघावं. शेजारचा गप्प राहिला तर दिवसभर त्याची हजेरी. बोलला तर हात तिथल्या तिथे थांबायचा. "बराबर," म्हणायचे आणि गोळी द्यायचे. त्यांचा नियम आम्हा सगळ्यांना तोंडपाठ होता : "दिसलं की बोलायचं. ऐकलं न्हाई तर पुन्हा बोलायचं. तरी न्हाई ऐकलं, तर मंग इचारायचं न्हाई, विमान आपल्या हातात घ्यायचं. कप्तान असू दे न्हाई तर कप्तानाचा बाप." नियम तसा सगळ्याच विमानांतला. पण सरांच्या तोंडून तो वेगळा लागायचा, आणि त्याला कारण होतं.

भूकंपात त्यांचं गाव गेलं होतं, त्यात त्यांची आई गेली. "वर्षभर आधीपासून जमीन गुरगुरत व्हती," ते एकदा मला म्हणाले. "माय दोनदा बोलली मला. म्हणली, रात्री फळीवरची भांडी वाजून राहिली. मी म्हणलं, उंदरं असतील. हसलो बी." त्या दिवसापासून माझ्या मनात त्यांच्याबद्दल वडिलांसारखी माया बसली.

एकदा धुक्यात उतरताना मात्र मी घाबरले होते. विमान फार खाली आलं होतं. मी म्हणाले, "सर, खाली आहोत." त्यांनी घाईघाईनं सावरलं. उतरल्यावर कपाळाचा घाम पुसत म्हणाले, "मुद्दामच केलं म्या. शाब्बास." मी गोळी घेतली. पण त्या रोजी पहिल्यांदा माझ्या ध्यानात आलं की ही सवय भलतीच सोयीची आहे. कुणी टोकलं तर चूक मुद्दाम, न टोकलं तर चूक झालीच नाही.

मग रुबीना आली. नांदेडच्या जुन्या गावात तिच्या अब्बांचं शेरवान्या शिवायचं दुकान. खानदानात नोकरी करणारी ती पहिलीच मुलगी. मला 'आपा' म्हणायची. लातूरच्या त्याच क्लासमधून, सरांच्याच भाषणानं खुळावून आलेली. सरांनी तिला आपल्याबरोबर शिकायला घेतलं. सुरुवातीला ती भरभरून बोलायची, पुढे पुढे सरांचा विषय निघाला की गप्प व्हायला लागली.

एका दुपारी माझी ड्यूटी संपली होती आणि मी त्या दोघांच्या विमानातून घरी परतत होते, कॉकपिटमधल्या मागच्या घडीच्या खुर्चीवर. विमान वर स्थिर झालं. सरांचा उजवा हात दोघांमधल्या इंजिनाच्या दांड्यांवरून सरकला आणि रुबीनाच्या मांडीवर गेला. ती म्हणाली, "सर, हात काढा." त्यांनी हात काढला, हसले, खिशातून गोळी काढून तिच्यापुढे धरली. "बराबर. बोलायला शिकलीस." रुबीनानं गोळी घेतली नाही. थोड्या वेळानं हात पुन्हा तिथेच. "सर, नको म्हटलं ना!" तिचा आवाज चिरकला. सर समोर बघत होते, हात तसाच. मी मागून म्हणाले, "सर, ती दोनदा बोलली." तेव्हा हात उचलला गेला. मी मागे बसले आहे हे त्यांना माहीत होतं. ही आपलीच आहे, असं त्यांनी धरलं होतं, आणि मला सर्वांत जास्त तेच लागलं.

रुबीनानं तक्रार केली. असं त्या दिवशी पहिल्यांदा घडलं नव्हतं, हे तेव्हा मला कळलं. कंपनीत तक्रार समिती होती, पण तिच्या दारापर्यंत त्याआधी कुणी गेलं नव्हतं. आमच्या बिरादरीत सहवैमानिकानं 'सर, उंची बघा' म्हटलेलं चालतं, 'सर, हात बघा' म्हटलेलं चालत नाही. "आता काय हातमोजे घालून बसायचं का?" असं म्हणून मंडळी खो खो हसायची. रुबीनाचं नाव ड्यूटीवर लागलं की कुणा कॅप्टनची कंबर धरायची, कुणाच्या पोराला ताप यायचा. ती भाड्याच्या खोलीत इस्त्रीचा गणवेश टांगून बसून राहायची. न उडणारा पायलट लवकर गंजतो. तक्रार खोटी ठरली असती तर तिचं उडणं कायमचं संपलं असतं, आणि साक्षीला मी एकटीच होते. मी भेटायला गेले तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आपा, जो दिख्या वो बोलो. जास्ती नको, कम नको."

सुट्टीत मी लोह्याला होते, तेव्हा सर घरी आले. त्याच बाजेवर बसले. मायनं भाकरी-ठेचा वाढला. "गुरुजी," ते अण्णांना म्हणाले, "पोरीनं समितीत दोन वाक्यं बोलायचीत. माझी शिकवायची पद्धतच हाय, मी परीक्षा घेऊन राहिलो व्हतो. जयाला ठाव हाय." अण्णा जमिनीकडे बघत म्हणाले, "जया, सरांचे लई उपकार हायेत आपल्यावर." ते खरंच होतं.

माय चुलीपासून उठून दारात आली. "जये, त्या लेकरानं नको म्हणलं व्हतं का?"

"हाव. दोनदा."

"मंग परीक्षा कशाची?" असं म्हणून तिनं सरांच्या ताटात गरम भाकरी वाढली. पाहुण्याला अर्धपोटी उठवणं तिच्या रक्तात नव्हतं. सरांनी खाली मान घालून ती खाल्ली आणि निघून गेले.

समितीपुढे सर शांतपणे बोलले. आपली रीत सगळ्या पायलटांना माहीत आहे, मुलीचा गैरसमज झाला. बाहेर त्यांच्या बाजूनं बोलायला ओळीनं कॅप्टन बसले होते. माझी पाळी आली. मी म्हणाले, "सरांची मुद्दाम चूक मी वर्षानुवर्षं पाहिली आहे. ती मुद्दाम असली की पहिल्यांदा टोकल्याबरोबर त्यांचा हात थांबतो आणि पुन्हा तिकडे जात नाही. त्या दिवशी रुबीना दोनदा बोलली. पहिल्यांदा हात निघाला, पण परत तिथेच गेला, आणि दुसऱ्यांदा थांबला नाही." सरांनी माझ्याकडे पाहिलं. मला खुळीला क्षणभर वाटलं, आता हा माणूस 'बराबर' म्हणेल. ते खिडकीकडे बघायला लागले.

समितीनं रुबीनाचं खरं धरलं. सरांचं शिकवणं काढून घेतलं. निवृत्ती जवळच होती, तोवर घरी बसायला सांगितलं. निरोप समारंभ मात्र हारतुऱ्यांसकट झाला. आम्हा दोघींना बोलावणं नव्हतं. रुबीनाबरोबर उडायचं म्हटलं की कॅप्टनांना होणारी दुखणी काही थांबली नाहीत. शेवटी ती दक्षिणेतल्या दुसऱ्या कंपनीत गेली आणि तिथे कॅप्टन झाली.

सर भूकंपानंतर वसवलेल्या आपल्या गावात राहायला गेले. एका रांगेत सारखी घरं, सरळ रस्ते, कोवळी झाडं. मी एकदाच गेले. का गेले, हे मला रुबीनापुढेही नीट सांगता आलं नसतं. माया अशी तोडून तुटत नाही. त्यांनी स्वतः चहा केला, धुक्याबद्दल बोलले, आईबद्दल बोलले. ते त्या मुलीबद्दल विचारतील म्हणून मी दुपारभर थांबले. निघताना मीच म्हणाले, "सर, रुबीना कॅप्टन झाली."

ते फाटकाला धरून उभे होते. "तिला म्हणावं..." एवढं बोलले आणि थांबले.

"काय म्हणू?"

"काय न्हाई. जा, गाडी सुटंल."

पुढच्या उन्हाळ्यात ते वारले. मी रुबीनाला फोन केला. ती म्हणाली, "मैं नहीं आती, आपा. तुम जाओ." मग तिनं विचारलं, "कुछ बोले थे क्या मेरे बारे में?" मी म्हणाले, "न्हाई." तिनं फोन लगेच ठेवला नाही.

आता मी कॅप्टन आहे. नवं पोरगं शेजारी बसलं की त्याला सरांचाच नियम सांगते. दिसलं की बोलायचं, ऐकलं नाही तर पुन्हा बोलायचं. कुणाचा नियम, ते सांगत नाही. मुद्दाम मात्र मी चुकत नाही. माझी चूक होते आणि पोरं टोकतात, तेव्हा मी म्हणते, "माझी चूक." सरांचे तेवढेच दोन शब्द ऐकायला रुबीना त्या दिवशी फोनवर थांबली होती.